गोल्फच्या माळाचे मामा

माझ्या आत्याच्या यजमानांवर अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात. भिंतीवरचं घड्याळ आणि मी, असे दोन साक्षीदार हजर होतो. त्या मिनिटाला सभेच्या वृत्तांतात एक वाक्य लिहिलं गेलं : 'माळाच्या राखणदाराने सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केल्याचे स्वमुखाने कबूल केले.' वाक्य शब्दन् शब्द खरं आहे, आणि माझा राग आहे तो त्याच गोष्टीचा. कारण लबाडी करायची सगळी सोय हाताशी असताना जन्मात एकदाही ती न केलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून शोधायला निघालात, तर तुम्हाला एकच सापडेल. आणि सरकारी कागदावर अतिक्रमण करणारा म्हणून नेमकं त्याचंच नाव आहे.

आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मी म्हणतो, गावही म्हणतं. साताऱ्याहून सांगलीला निघालेली एस.टी. आमच्या गावात चहाला थांबते. तेवढीच आमची प्रसिद्धी. पण गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे, एक मुरमाड माळ आहे आणि त्या माळावर गोल्फ आहे, हे सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे नीट निरखून बघतो. कालव्याच्या कामावर आलेल्या इंग्रज इंजिनिअरांनी तो आखला. साहेब गेले, त्यांच्या बंगल्याची कौलं गेली, मग दारं-खिडक्याही गेल्या. नऊ खड्डे तेवढे राहिले, कारण खड्डे कुणाला उचलून नेता येत नाहीत. माळ नगरपालिकेकडे आला तेव्हाच्या भल्या माणसांनी ठराव केला, की माळ सर्वांस खुला राहील, खेळणाऱ्याने दिवसाचे चार आणे द्यावेत आणि नसतील तर त्याला हाकलू नये. त्या ठरावापुढे एकच अडचण होती. खड्डे कशासाठी आहेत हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मामा त्याच वर्षी पलटणीतून पेन्शनवर आले होते. तिथे ते एका कर्नलसाहेबाचे ऑर्डर्ली होते आणि त्या साहेबाची काठ्यांची पिशवी वाहता वाहता त्याच्यापेक्षा बरं खेळायला शिकले होते. त्यांना राखणदार नेमलं. तेव्हापासून मामा आणि माळ यांच्यात नेमकं कोण कुणाला राखतं, हे सांगणं अवघड होऊन बसलं आहे.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. आमच्या माळावर पावसाळा सोडला तर हिरवं काही नसतं. गवत कापायला यंत्र नाही. गुरं चरतात आणि उरलेलं बायका विळ्यानं कापून नेतात. खड्ड्याभोवतीची गोल जागा वाळूची. तिच्यात मोटारगॅरेजमधलं जळकं ऑईल मिसळून, धुमसानं ठोकून ती बसवलेली. साहेब लोक तिला ब्राउन म्हणत. मामा अंगण म्हणतात. आणि अंगण म्हटल्यावर त्याची रीतही आली. ज्याचा चेंडू खड्ड्यात गेला त्यानं मागून येणाऱ्यासाठी गोणपाट ओढून अंगण सारखं करायचं, आपली पावलं आपण पुसायची आणि मगच पुढे जायचं. एकदा जिल्ह्याच्या गावाहून एक बडे अधिकारी आले, खेळले आणि गोणपाट न ओढताच जीपमध्ये बसून निघाले. मामा सायकलवर, कॅरिअरला गोणपाट बांधून, जीपच्या मागे. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून गाठ पडली. मामांनी आधी सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "साहेब, आपलं अंगण ऱ्हायलं." अधिकाऱ्यांना वाटलं, आपली काही वस्तू राहिली. ते जीप वळवून माळावर परत आले, पाहतात तो मामांच्या हातात गोणपाट! पण माणूस भला असावा. त्यांनी ओढलं. मामांनी शेजारी उभं राहून सांगितलं, "कडंनं घ्या साहेब, कडंनं, पोळी लाटत्यात तसं." त्यानंतर ते अधिकारी दर महिन्याला येत आणि गोणपाट आधी मागून घेत.

मामांच्या काठ्या तीन. गावच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या पाट्याचं लोखंड ठोकून त्यांची डोकी केली आहेत आणि दांडे वेताचे आहेत. त्यांची नावं थोरली, मधली आणि धाकटी. मामा त्यांच्याबद्दल घरातल्या सुनांबद्दल बोलावं तसं बोलतात. "थोरली लांब धाडती, पर तिला कवा राग यील सांगता येत न्हाई. मधली मापात. धाकटी गुणाची, नुस्ती कुरवाळती चेंडवाला." घरातली अंतरंही ते याच मापानं सांगतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला इस्लामपूरकडचे पाहुणे आले, त्यांना स्टँडवर मामांनी मंडपाची वाट सांगितली : "नाकासमोर थोरलीचे दोन टोले, मग डावीकडं मधलीचा एक. तितनं धाकटीनं हळूच ढकललं की मांडव." पाहुणे भांबावले आणि थोरली, मधली, धाकटी अशा तीन मुलींच्या घराची चौकशी करत गावभर फिरले. एका घरात खरोखरच तीन मुली होत्या. तिथं त्यांना बघायला आलेले समजून पोहे मिळाले.

त्याच लग्नात मामांनी आणखी एक पराक्रम केला. गोल्फमध्ये कुणी टोला मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वासही बेतानं घ्यायचा. ही शिस्त मामांच्या अंगात इतकी मुरली आहे की कुणीही काहीही नेम धरून करायला लागला की मामा जागच्या जागी थिजतात. न्हावी वस्तरा लावतो तेव्हा दुकानातल्या गप्पा ते हात वर करून थांबवतात. आत्या तव्यावर भाकरी टाकते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभे असतात. तर लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट सरकला, नवरदेवानं हार उचलला, बँडवाल्यानं गाल फुगवले, आणि मामांची पलटणीतली आरोळी घुमली, "गप! कोनी हलायचं न्हाई!" बँड थांबला. भटजी थांबले. टाळीसाठी उचललेले शंभरेक हात हवेतच राहिले. त्या भयाण शांततेत नवरदेवानं हार घातला आणि मामा समाधानानं म्हणाले, "सरळ गेला. आता वाजवा." वराकडची मंडळी कितीतरी दिवस हा अपशकुन समजत होती. आता त्या जोडप्याला दोन मुलं आहेत आणि जावई रविवारी माळावर येतो.

माळाच्या तोंडाशी, बाभळीखाली, नियमांचा फळा आहे. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात मामांनी स्वतः लिहिलेला. 'डोईवर ओझे असलेल्या बाईस आधी वाट द्यावी.' 'चेंडू गुरास लागल्यास आधी गुराची चौकशी करावी, मग चेंडूची.' 'शेणात पडलेला चेंडू पुसून शेजारी ठेवावा, त्यास दंड नाही.' 'सापडलेला चेंडू आणून देणाऱ्यास मूठभर शेंगा.' आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात : 'आपले टोले आपण मोजावेत. दुसऱ्याचे मोजू नयेत.' शेवटच्या नियमानं मामांच्या संसाराचं वाटोळं केलं, असं आत्या म्हणते. कारण मामा माळावर जे करतात तेच घरी करतात. आपली चूक कुणी विचारायच्या आत सांगून टाकतात. दुपारी झाकून ठेवलेल्या श्रीखंडातलं बोटभर खाल्लं, की संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या जाहीर करतात, "माझं एक बोट आधीच झालंय, तेवढं कमी वाढ." व्याह्यांच्या घरची भाजी खारट होती, हे व्याह्यांनी विचारल्यावर सांगून टाकतात. आत्या कपाळाला हात लावते. "आवं, जरा खोटं बोलाया शिका. संसार हाय ह्यो, पलटन न्हवं!" मामा विचार करतात. खरंच विचार करतात. मग म्हणतात, "शिकीन म्हन्तो. पर मोजनीत घोळ हुतो मग."

आता माझी चूक सांगतो, कारण ती लपवली तर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मी सांगलीला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो आणि पत्रकं काढत होतो. आमच्या मंडळाकडे एक सायक्लोस्टाईल मशीन होतं, आणि ते हाताशी असलं की माणसाला दर आठवड्याला नवा शत्रू लागतो. दुष्काळ नुकताच सरला होता, खडी फोडून आलेल्या माणसांना गावात राहायला जागा नव्हती, आणि मला आठवलं : अरे, आमच्या गावात तर गोल्फ आहे! एका रात्रीत पत्रक तयार. मथळा होता 'साहेबांचा खेळ, गरिबांचा माळ.' त्यात मी गोऱ्यांचे वारस, चैनबाज, ऐतखाऊ असे सतरा शब्द वापरले होते आणि शेवटी मागणी होती, की माळ ताबडतोब मोडून तिथे घरं बांधा. माळावर मी लहानपणी बोरं खायला गेलो होतो तेवढाच. तिथे कोण खेळतं हे बघायला जावं, असं एकदाही मनात आलं नाही. पत्रकं बाजाराच्या दिवशी गावात वाटली. मामांनी हात पुढे करून एक घेतलं, चष्मा लावून तिथेच उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "अक्षर झ्याक उठलंय. आनखी एक दे."

"दुसरं कशाला मामा?"

"फळ्याखाली लावतो. समोरच्याचंबी म्हननं लोकास्नी कळाया पायजे."

आणि खरंच लावलं. चार खिळे मारून. नंतर पावसानं भिजलं तेव्हा निरोप आला, की पत्रक वाचता येत नाही, नवीन पाठव. शत्रू आपलं पत्रक मागून घेतोय, हा प्रसंग आमच्या मंडळाच्या कुठल्याच अभ्यासवर्गात शिकवलेला नव्हता. मी पत्रक घेऊन स्वतःच गेलो.

रविवारची सकाळ होती. मला चैनबाज बघायचे होते. पहिल्या खड्ड्यापाशी एस.टी.चे एक कंडक्टर खाकी पँटवर खेळत होते; ड्युटी दहाची होती. दवाखान्यातले कंपाउंडर होते. पेन्शनीतले दोन जवान होते, त्यातल्या एकाचा एक हात लढाईत गेलेला; तो उरलेल्या हातानं मारायचा आणि इतरांपेक्षा सरळ मारायचा. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते, त्यांना सगळे शेठ म्हणत. मामांचे जुने दोस्त. जैन माणूस, धर्माला पक्का. दर टोल्याआधी गुडघे टेकून, चष्मा सावरून, चेंडूभोवती मुंगी आहे का ते बघायचे. असली तर ती आपल्या वाटेनं निघून जाईपर्यंत थांबायचे. मागची माणसं खोळंबायची; तोवर बसून विडी, तंबाखू, ऊस-पाण्याच्या गप्पा. कुणीही कधी कुरकुर केल्याचं मला दिसलं नाही. कंडक्टर मात्र घड्याळ बघून ओरडले, "शेठ, मुंगीला म्हनावं, दहाची गाडी हाय, तिकीट काडून देतो!"

आणि होत्या कोंडाबाई. माळावरचं गवत कापून नेणाऱ्या. नऊवारीचा काचा मारून, डोक्यावरचा भारा उतरवून त्या मधली मागून घ्यायच्या आणि ज्या झोकात विळा फिरवायच्या त्याच झोकात काठी. चेंडू सूं करून जायचा. पैसे त्यांना कधीच मागितले नाहीत. गवत त्यांनी कापलं नाही तर चेंडू सापडणार कसा, असा मामांचा हिशेब. त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं.

"ह्यो त्यो कागदवाला न्हवं?"

"व्हय, माझा भाचा हाय," मामा कौतुकानं म्हणाले.

"मग लाव की रं हात जरा. आमी ऐतखाऊ हाय न्हवं, तुझी बी ताकद बघू."

मी काठी घेतली. सगळे गप्प झाले. माळावर फक्त एक टिटवी ओरडत होती. मी सगळ्या जोरानिशी काठी फिरवली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि चेंडू होता तिथेच होता.

"वारा घातलास व्हय त्येला?" कोंडाबाई म्हणाल्या. "निजलाय बग कसा!"

सगळे हसले, मामा सोडून. ते गंभीरपणे जवळ आले आणि म्हणाले, "मोज. त्योबी टोलाच."

घरी परत जाताना मी पत्रकातले सतरा शब्द एकेका माणसाला लावून बघितले. एकही बसेना.

मी लगेच दुसरं पत्रक काढलं, पहिलं चुकलं असं सांगणारं. पण पहिलं पत्रक तोवर माझ्या हातून निघून गेलं होतं. नगरपालिकेत माळाचे भूखंड पाडायचा प्रस्ताव आला होता. मी तो वाचायला मागितला, तीन खेपा घातल्या, चौथ्या खेपेला मिळाला. त्याला नकाशा जोडलेला होता. नकाशात गरिबांची घरं नव्हती. ऐसपैस बंगल्यांचे भूखंड होते, रुंद रस्ते होते, आणि मधोमध हिरव्या रंगाचा एक गोल होता. त्यात लिहिलं होतं : 'क्लब व लॉन (फक्त सभासदांसाठी).' आणि नकाशाच्या मागे, टाचणीनं टोचून, 'लोकभावना' असा शेरा मारून, माझं पत्रक लावलं होतं. मथळा तोच. अक्षर झ्याक उठलेलं.

मी मामांना ते सांगितलं तेव्हा ते ओसरीवर धाकटीच्या दांड्याला तेल लावत होते. मला वाटलं, आता तरी रागावतील. ते म्हणाले, "ठराव व्हायच्या आदी आपल्याला बोलावत्यात न्हवं? मग जाऊ की. इचारलं ते सांगू."

'इचारलं ते' म्हणजे मामा खरंच सांगणार, हे मला ठाऊक होतं. मी आठवडाभर त्यांची तयारी करून घेतली. रोज किती लोक येतात असं विचारलं तर म्हणायचं, दोनशे. मामा म्हणायचे, "दोनशे कवा आलं?" मी म्हणायचो, "मामा, तेही वाढवूनच बोलणार आहेत." शेठनीही गळ घातली. आत्यानं तर ताटावर शपथ घातली, की हे पोरगं सांगतंय तेवढंच बोला. मामांनी मान हलवली. पलटणीतला माणूस, हुकूम ऐकतो असं मला वाटलं.

गुरुवारी मामा धुवट धोतर, काळा कोट, छातीवर दोन पदकं, अशा थाटात सभागृहात उभे राहिले. मुख्याधिकारी नवीन होते, तरुण होते, शिक्षित होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी मामांना बसायला खुर्चीही दिली. मामा बसले नाहीत.

"आजोबा, माळावर रोज साधारण किती लोक खेळतात?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. मग सरळ साहेबांकडे.

"आज सकाळी चौघं. त्यातला एक पावना."

"आणि रोज?"

"रोज न्हाई साहेब. सोमवारी बाजार, कोनी फिरकत न्हाई. आईतवारी वीस-पंचवीस. पावसाळ्यात चिखूल असतुया, तवा मी एकटाच. मीबी खेळत न्हाई, नुस्ता फिरून येतो."

सभागृहात हशा पिकला. मी मागच्या बाकावर डोकं धरून बसलो. साहेब सहज, कागद मिटता मिटता, चांगुलपणानंच म्हणाले, "बरं, राखणदार म्हणून इतकी वर्षं काम केलंत. तुमच्याकडून काही चूक, काही अनियमितता तर झाली नाही ना?" कुणीही शहाणा माणूस नाही म्हणून खाली बसला असता. कुणालाही खोटं वाटलं नसतं.

"झालीय की," मामा म्हणाले. "तिसऱ्या अंगणाच्या अंगाला आमच्या घरातनी मेथी लावलीया. दोन वाफं. मी नको म्हनलं हुतं, पर भाजी खाल्ली मी बी."

घड्याळात तीन वीस झाले होते. वृत्तांत लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी खाली वाकली. पुढच्या पाच मिनिटांत, सार्वजनिक जागेचा खाजगी वापर होत असल्याचं निदर्शनास आल्यामुळे, मामांचं राखणदारीचं काम काढून घेण्यात आलं आणि भूखंडांच्या प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता मिळाली, हरकती मागवण्याच्या अधीन राहून. ज्यांनी पन्नास बंगल्यांसाठी आख्खा माळ मागितला होता ते अर्जदार पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, म्हणून त्यांच्या नावावर काही लिहिलंही गेलं नाही.

बाहेर पायरीवर मी मामांवर ओरडलो. "मेथीचं कुणी विचारलं होतं?"

"त्यानं इचारलं की. चूक झाली का म्हनला."

"नाही म्हणायचं!"

"आन मेथी तितं उगवल्याली, तिचं काय?"

शेठ शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मला साक्षीला बोलवायचं होतं. मुंग्या धरल्या असत्या तर दोनशेच्या वर सहज गेलो असतो." मामा खळखळून हसले. मला हसू आलं नाही. आज लिहिताना मात्र येतं आहे, आणि त्याचाही राग येतो आहे. घरी आत्या दारातच होती, बातमी आधीच पोचली होती. "मेथी उपटून टाकते मी!" ती म्हणाली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुरावा हाय त्यो, त्येला हात लावू नये." "पुराव्याची भाजी करून घालते तुमाला," आत्या म्हणाली, आणि आत जाऊन रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. तिला दुःख कामाचं नव्हतं. "मानसाला चोर म्हनलं रं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आता अवजारांच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे आहे. नगरपालिकेनं पाठवलेला एक शिपाई बाभळीखाली पेपर वाचत बसतो. मामा सकाळी येतात, त्याला चार आणे देतात, चिठ्ठी घेतात आणि खेळायला लागतात. चिठ्ठी दिली नाही तर हलत नाहीत. गोणपाट घरून आणतात. मोजणीवाल्यांनी माळभर खुंट्या मारून ठेवल्या आहेत, लाल रंगाच्या. आम्ही काही तरुण त्या उपटायला निघालो होतो, मामांनी अडवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाची परवानगी काढून फळ्यावर एक नियम वाढवला : 'चेंडू खुंटीस अडल्यास काठीभर बाजूस घ्यावा. खुंटीस हात लावू नये.' मी म्हटलं, "मामा, ही खुंटी म्हणजे उद्याच्या बंगल्याची भिंत आहे." ते म्हणाले, "उद्याचं उद्या. आज ती खुंटीच हाय न्हवं?"

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. लांबचा चेंडू दिसत नाही. म्हणून हल्ली आत्या बरोबर येते; पदर खोचून, चपला हातात घेऊन, मुरमावरून चालते. मामा मारतात आणि विचारतात, "कुटं गेला गं?" परवा मी मागे होतो. टोला फसला होता, चेंडू दहा पावलांवर दगडाशी पडला होता. आत्या डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लांब गेला. लय लांब. चला तुमी हळूहळू." मामा चालू लागले. वाटेत ती वाकली आणि चेंडू उचलून ओच्यात टाकला. दोघं ऊन अंगावर घेत त्या लांबच्या जागेकडे चालत गेली. हा माळ राहिला तर मामा आणखी चार-दोन वर्षं असे चालतील. नाही राहिला तर ओसरीवर बसतील, आणि ओसरीवर बसलेल्या मामांची मला कल्पना करता येत नाही.

हरकती घ्यायची मुदत या महिन्याच्या अखेरीला संपते. म्हणून तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, सांगतो. मी लिहून दिलेल्या मजकुरावर सही करू नका. मी एकदा लिहिलं, त्याचं काय झालं ते वर वाचलंत. आधी माळावर या. सकाळी या, चार आणे द्या, नसतील तर तसेच या. दोन तास चाला. कोण खेळतंय ते आपल्या डोळ्यांनी बघा. मग घरी जाऊन, स्वतःच्या अक्षरात, एका कागदावर लिहा, की मी अमुक दिवशी माळावर गेलो होतो, मला ही ही माणसं दिसली, आणि हा माळ जसा आहे तसा सगळ्यांना खुला राहावा. एकदाच गेला असाल तर एकदाच लिहा. कागद नगरपालिकेत नेऊन द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. उद्या सकाळी निघा.